एकेचाळीस नंबरचा गुडघा

संपादकांनी आयुष्यभर दोन गोष्टी जिवापाड जपल्या. एक लाल शाईचं पेन आणि दुसरा अकरा प्रश्नांचा फॉर्म. तिसरी गोष्ट बायको. पण तिला जपायला यांना काही वेळ होईना, तेव्हा ते काम तिने स्वतःकडेच घेतलं आणि उत्तम पार पाडलं.

हाडं आणि सांधे या विषयावरचं एक वैद्यकीय जर्नल ते चालवत. वर्षाला चार अंक. मूळचे मनगटाचे सर्जन. निवृत्त झाले तेव्हा लोकांना वाटलं, चला, आता हा गृहस्थ कुणाला कापणार नाही. महिनाभरात त्यांनी संपादकाची खुर्ची धरली.

फॉर्मचं नाव होतं 'हितसंबंधांचं निवेदन'. लेख लिहिणारा, तपासणारा आणि छापायचा की नाही हे ठरवणारा, तिघांनीही तो भरायचा. कंपनीकडून मानधन घेतलंय का, प्रवास घडलाय का, जेवण झालंय का, भेटवस्तू आलीय का, नात्यातलं कुणी तिथे नोकरीला आहे का, असे अकरा प्रश्न. तत्त्व साधं होतं. ज्या ताटात आपण जेवलो त्या ताटाबद्दल आपण जरा हात राखून बोलतो, तेव्हा ताट कुणाचं होतं ते वाचकाला आधी सांगावं. कुणालाही पटण्यासारखं. पण संपादकांनी ते पार टोकाला नेऊन बसवलं. एका लेखकाच्या दवाखान्यात कंपनीचं कॅलेंडर लटकत होतं, तर त्याच्याकडून बारा महिन्यांचा खुलासा मागवला. दोन तपासनीस पावसात एका छत्रीतून ऑफिसला आले, तर दोघांचेही अभिप्राय बाद.

"सर, छत्री कंपनीची नव्हती हो," ऑफिस सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या.

"छत्री कुणाचीही असो. वाटेत आपुलकी निर्माण झाली असणार."

आणि ज्याने काही दडवलं त्याला दोन वर्षं जर्नलची दारं बंद. लेख नाही, तपासणी नाही, कमिटी नाही. हा नियमही संपादकांचाच. त्यात पहिला सापडला तो त्यांचा कॉलेजातला जिवलग दोस्त. हा खुब्याचे सांधे बदलण्यात वाकबगार, म्हणून सगळे त्याला खुबेवाला म्हणत. खुबेवाल्याने कृत्रिम खुब्यावरचा एक लेख तपासून दिला, तो ज्या पिशवीत घालून आणला त्या पिशवीवर त्याच कंपनीचं नाव होतं.

"अरे, कुठल्यातरी परिषदेत वाटल्या होत्या. विसरलो मी," खुबेवाला म्हणाला होता.

"नियमात विसरण्याची सोय नाही," संपादक म्हणाले होते.

"मग सोय कर की! नियम तूच लिहिलायस ना, नियमावली?" नियमावली हे त्याने संपादकांना कॉलेजात ठेवलेलं नाव.

सोय झाली नाही. खुबेवाल्याने पिशवी टेबलावर उलटी केली, आतला चष्मा, सफरचंद आणि घरच्या किल्ल्या खिशात कोंबल्या आणि रिकामी पिशवी तिथेच टाकून तो जिना उतरला. दोन वर्षं गेल्या महिन्यात संपली होती. तो परत आला नव्हता. संपादकांनीही बोलावलं नव्हतं, पण पिशवी कपाटात घडी करून ठेवलेली होती. ताईंनी एकदा तिच्यात झेरॉक्सचे कागद भरले, तर सरांनी कागद बाहेर काढून घडी परत होती तशी घातली. 

ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. वर यायला अडतीस पायऱ्या, त्याही उभ्या. वर्षभरापूर्वी संपादक त्या चढायचे तेव्हा ताईंना खालच्या मजल्यापासून 'आई गं' ऐकू यायचं आणि साधारण बाविसाव्या 'आई गं'ला त्या चहाचं आधण ठेवायच्या. डावा गुडघा बंड करून उठला होता. हल्ली मात्र सर आवाज न करता वर येत, आणि खुर्चीत बसले की टेबलाखालून चर्र असा आवाज येई. गुडघ्याचा पट्टा सैल केल्याचा. पट्टा चांगला रुंद, करड्या रंगाचा, आत तांब्याच्या तारा विणलेला. निदान संपादक तरी तसं सांगत. सांगत म्हणजे काय, सांगून सांगून त्यांनी शेजारपाजार, मेहुणा आणि खालचा चष्मेवाला सगळ्यांना जेरीस आणलं होतं. गुडघा लिफ्टसारखा वरखाली होतो, असं ते म्हणत.

पट्टा मिळाला कुठून, हे मात्र ते सांगत नसत.

तर एका सकाळी ताईंनी नवा लेख टेबलावर ठेवला. ताईंचा शिरस्ता असा, की लेख आला की लेखकांची नावं, हॉस्पिटलचं नाव, गावाचं नाव, सगळ्यांवर स्वतःच्या हाताने काळी पट्टी चिकटवायची. कुणाचं आहे ते कळूच नये, म्हणजे न्याय आंधळा राहतो. संपादकांनी पेनाचं टोपण काढलं आणि शीर्षक वाचलं. 'गुडघेदुखीवर तांब्याच्या तारांचा पट्टा: एक चाचणी.'

टेबलाखालचा गुडघा आपोआप ताठ झाला.

चाचणी अशी होती. एकशे वीस गुडघेदुखीचे रुग्ण. साठ जणांना तारांचा पट्टा, साठ जणांना हुबेहूब दिसणारा पण आत साधा दोरा असलेला पट्टा. कुणाला कुठला, ते रुग्णाला सांगायचं नाही. सगळ्यांनी पट्टा बांधून रोज अर्धा तास चालायचं, असं बारा आठवडे. दर आठवड्याला एक प्रश्नावली भरून द्यायची. निष्कर्ष चौथ्या पानावर होता: दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालं. तारांचा काही उपयोग दिसला नाही.

"साफ खोटं," संपादक मोठ्याने म्हणाले.

"काय झालं सर?"

"काही नाही. लेख टाकाऊ आहे."

आता खरं सांगायचं, तर वर्षभरापूर्वी संपादक स्वतःच एका हॉस्पिटलात अशाच एका चाचणीत रुग्ण म्हणून बसले होते. आपण संपादक आहोत हे तिथे बोलले नव्हते. निवृत्त, एवढंच लिहिलं होतं. बारा आठवडे संपल्यावर पट्टा तुम्हालाच ठेवा म्हणाले, तर ठेवला. पण ती हीच चाचणी असं कशावरून? काळ्या पट्ट्या होत्या ना! शहरं पुष्कळ असतात, गुडघे तर त्याहून पुष्कळ. तरी संपादकांनी अकराच्या अकरा प्रश्न मनात एकदा फिरवून पाहिले. मानधन नाही. प्रवास नाही, चालतच गेलो होतो. जेवण नाही. गुडघ्याविषयी फॉर्ममध्ये एक अक्षर नव्हतं. भेटवस्तूच्या प्रश्नाशी ते जरा रेंगाळले, पण पट्टा पायात होता आणि पाय त्यांचा स्वतःचा होता, म्हणून पुढे गेले.

मग त्यांनी एक गोष्ट केली जी बारा वर्षांत कधी केली नव्हती. लेख शेवटपर्यंत न वाचता चौथ्या पानावरच मिटला आणि लाल शाईने निर्णय लिहिला. 'नाकारण्यात येत आहे. प्रश्नावली सदोष. एका प्रश्नात दोन प्रश्न विचारले आहेत, उत्तर कोणत्याचे द्यावे? "बरे वाटते" म्हणजे काय, याची व्याख्या नाही.' कागद ताईंच्या टेबलावर ठेवला, आणि आज पत्र गेलं पाहिजे म्हणाले.

ताई कुठलंही पत्र पाठवण्याआधी लेख पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचत. संपादकांनीच लावलेली सवय. तासाभराने त्या आत आल्या. एका हातात निर्णय, दुसऱ्या हातात लेखाचं नववं पान. चेहरा अगदी कोरा.

"सर, एक विचारू? हे एकेचाळीस नंबरचे रुग्ण आपल्या ओळखीतले आहेत का?"

"कोण एकेचाळीस?"

ताईंनी वाचायला सुरुवात केली. "'सहभागी क्रमांक एकेचाळीस यांनी दर आठवड्याला प्रश्नावली भरण्याऐवजी ती लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवली. एका प्रश्नात दोन प्रश्न विचारले आहेत, उत्तर कोणत्याचे द्यावे, अशी विचारणा त्यांनी केली. "बरे वाटते" पुढे त्यांनी "व्याख्या द्या" असे लिहिले. त्यांच्या सूचना योग्य वाटल्याने तिसऱ्या आठवड्यापासून आम्ही प्रश्नावली बदलली. त्यांनी एकाही प्रश्नाचे उत्तर न दिल्यामुळे त्यांचा गुडघा मोजणीत धरता आला नाही. त्यांचे मनःपूर्वक आभार.'"

संपादकांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"माणूस हुशार दिसतो," संपादक शेवटी म्हणाले.

"हो ना. अक्षरही छान असणार. मी एवढ्याचसाठी विचारलं, की ओळखीतले असले तर सहावा प्रश्न लागू होतो. नातेवाईक, मित्र, शेजारी."

"नातेवाईक असं काही म्हणता येणार नाही."

"मित्र?"

संपादकांनी थोडा विचार केला. "आजच्या दिवसापुरता नाही."

"बरं. मग पत्र टाकू का पोस्टात?"

ताईंनी आवाज इतका सरळ ठेवला होता की त्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. संपादकांनी हात पुढे केला, लेख आणि निर्णयाचा कागद परत घेतला, कागद खिशात आणि लेख बॅगेत घातला आणि जेवायला घरी जातो म्हणाले. उतरताना अडतीस पायऱ्यांवर दोनदा 'आई गं' ऐकू आलं. ताईंनी मान हलवली.

घरी बायको डोंगरावर जायची यादी करत होती. पुढच्या महिन्यात एका रविवारी जायचं ठरलं होतं. वर दिव्याचा जुना मनोरा, सातशे पायऱ्या. गेल्या वर्षी यांच्या गुडघ्यापायी बेत रद्द झाला होता.

"काय हो, चेहरा का उतरलाय? कुणी छत्रीतून आलं का?"

त्यांनी सगळं सांगितलं. बायको ऐकता ऐकता हसू आवरण्यासाठी यादीत मोजे दोनदा लिहून बसली.

"म्हणजे लेख चांगला आहे?"

"मी चारच पानं वाचली."

"तुम्ही? चार पानं?" तिचं हसू तिथल्या तिथे थांबलं. "अहो, तुम्ही तर औषधाच्या बाटलीवरचा छापखान्याचा पत्ताही वाचता. मग हे काय केलंत?"

"राग आला. मला खरंच बरं वाटतंय गं."

"बरं वाटणारच. बारा आठवडे रोज अर्धा तास चाललात. त्याआधी तुम्ही सोफ्यापासून टीव्हीपर्यंतसुद्धा मला पाठवत होता. पट्ट्यात तार असो नाहीतर सुतळी."

 जेवण झाल्यावर संपादकांनी हात धुतले, उरलेली पाच पानं बॅगेतून काढली आणि खिडकीशी बसून वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून नऊच्या नऊ वाचली. लेख चांगला होता. नुसता चांगला नाही, नेमका, प्रामाणिक आणि कुठेही फुगवलेला नाही. असा लेख वर्षातून एखादाच येतो. आणि तो आपण टपालपेटीच्या तोंडापर्यंत नेऊन ठेवला होता.

"पत्र फाडून टाका आणि लेख छापा, झालं," बायको म्हणाली.

"ते पण मला ठरवता येणार नाही. माझा गुडघा आहे त्यात."

"मग?"

"नियमाप्रमाणे पाहुणा संपादक नेमायचा. आणि मी दडवलं, म्हणजे दोन वर्षं बाहेर."

"नियम कुणाचा?"

"तोच तर वांधा आहे."

दुपारी ऑफिसात ताईंनी पाहुण्या संपादकासाठी यादी काढली. एकेक नाव पुढे येई आणि गळून पडे. पट्ट्याच्या कंपनीने गेल्या वर्षी डॉक्टरांच्या परिषदेत सढळ हाताने वाटप केलं होतं. पहिल्याकडे पट्टा होता, दुसऱ्याच्या सासूकडे दोन होते, तिसऱ्याच्या कुत्र्याच्या पायाला बांधलेला होता. ताई फोन ठेवत होत्या आणि यादीवर काट मारत होत्या. शेवटी एक नाव उरलं.

"ते गेली दोन वर्षं कुणाच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत म्हणे," ताई म्हणाल्या. "परिषदेला घरून बाटली नेतात. पेनसुद्धा बायकोचं वापरतात. रागच तसा आहे."

फोन संपादकांनी स्वतः लावला.

"मी बोलतोय," ते म्हणाले.

 पलीकडून आवाज आला, "काय चोरलं मी आता?"

"तू नाही. मी."

खुबेवाला अर्ध्या तासात हजर झाला. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आला असावा, कारण बोलायला दम उरला नव्हता. पण डोळे असे चमकत होते, की ताईंनी न विचारताच चहा टाकला. तो संपादकांच्या खुर्चीत बसला. संपादक समोर, लेखकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, हे त्यांना बारा वर्षांत पहिल्यांदा कळलं.

"फॉर्म," खुबेवाला म्हणाला.

ताईंनी फॉर्म दिला. त्याने एक ते अकरा प्रश्न, एकही न गाळता, घसा खाकरून, कोर्टात वाचावेत तसे वाचले. संपादक प्रत्येकाला नाही म्हणत गेले. भेटवस्तूपाशी चर्र असा आवाज झाला आणि करडा पट्टा टेबलावर आला.

"अरे, हा तर बक्कळ पुरावा आहे! माझी निदान पिशवी होती." खुबेवाल्याने पट्टा उजेडात धरला. "आता सांग. विसरलास की दडवलंस?"

ताई किटली हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. विसरलो म्हटलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. कमिटीतल्या कुणाचीच छाती नव्हती.

"दडवलं," संपादक म्हणाले. "विसरलो म्हणायची सोय मी तुला दिली नव्हती. मग मला कशी मिळेल? आणि तू खरंच विसरला होतास. तेव्हाही माहीत होतं मला."

खुबेवाल्याने पट्टा हळूच टेबलावर ठेवला. 

"गाढवा," तो म्हणाला, "हे दोन वर्षांपूर्वी म्हणाला असतास तर आपले किती चहा झाले असते."

संपादक उठले, कपाट उघडून घडी केलेली पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. खुबेवाल्याने आत हात घालून पाहिला.

"सफरचंद?"

"ते तू नेलंस."

यापुढचं कामकाज रीतसर झालं. दोन बाहेरच्या तपासनीसांनी लेख वाचला. एकाने उत्तम म्हटलं, दुसऱ्याने अत्युत्तम. खुबेवाल्याने तो स्वीकारला आणि पहिल्या दोन आठवड्यांच्या प्रश्नावलीतला दोष लेखकांनी ठळक लिहावा, एवढंच कळवलं. कमिटीची बैठक झाली. सगळे म्हणाले, जाऊ द्या हो, मोठा माणूस आहे. मोठा माणूस म्हणाला, जाऊ द्यायचं नाही. दोन वर्षांसाठी खुर्ची रिकामी केली आणि ती कुणाकडे गेली हे सांगायला नको. नव्या संपादकाने पहिल्याच दिवशी दोन फतवे काढले. एक, छत्री ही छत्रीच समजावी. दोन, फॉर्ममध्ये बारावा प्रश्न घालावा: 'लेखात आलेला एखादा अवयव आपल्या मालकीचा आहे काय? असल्यास कोणता, व कोणत्या बाजूचा?'

ताई म्हणाल्या, "आणि विसरण्याची सोय?"

"ती पण घाला. आठ दिवसांत आठवलं तर माफ."

ठरलेल्या रविवारी तिघं डोंगरावर गेले. खुबेवाल्याला बायकोनेच बोलावलं होतं. सातशे पायऱ्या. खुबेवाला दर पन्नास पायऱ्यांना थांबून सृष्टिसौंदर्य बघायचा आणि छाती धरायचा. आपले माजी संपादक मात्र सरसर पुढे. पाचशेव्या पायरीवर त्यांनी मागे वळून एक भाषणही दिलं: लेख काहीही म्हणो, तांब्याची बातच वेगळी, मोजणीत माझा गुडघा धरला असता तर निकाल फिरला असता. बायको एकेक पायरी मोजत, ओठ घट्ट मिटून, मागून येत होती.

वर पोचल्यावर सगळे मनोऱ्याच्या ओट्यावर टेकले. वारा सुटला होता. संपादकांनी नेहमीप्रमाणे पट्टा सैल करायला हात खाली नेला.

चर्र झालं नाही.

त्यांनी पँट वर केली. गुडघा होता. पट्टा नव्हता.

"कपाटावर राहिला," बायको म्हणाली. "मी दारातच पाहिलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला काय बांधलंय ते रुग्णाला सांगायचं नाही, असा नियम आहे ना?"

खुबेवाला दम लागलेला असूनही असा हसला की ओट्यावर आडवाच झाला. संपादकांनी गुडघ्याकडे पाहिलं. गुडघ्यानेही त्यांच्याकडे पाहिलं असावं, कारण त्याच क्षणी त्यात बारीकशी कळ आली.

"आई गं," ते म्हणाले.

"आत्ता? बसल्यावर?"

"कळलं तेव्हापासून."

उतरताना त्यांनी एका हाताने बायकोचा खांदा धरला आणि दुसऱ्याने खुबेवाल्याचा, आणि तळाला पोचेपर्यंत नव्या संपादकाच्या नावे लिहायच्या पत्राचा मजकूर दोघांना मोठ्याने ऐकवला. पत्र सोमवारी ऑफिसात आलं. लाल शाईत, दीड पान, चाचणीचा निष्कर्ष आपल्याला संपूर्ण मान्य असून तो सातशे पायऱ्यांवर पुन्हा तपासून पाहिला आहे, असं कळवणारं. सोबत फॉर्म जोडलेला होता. ताईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. दहा प्रश्नांपुढे 'नाही'. भेटवस्तूपुढे 'पट्टा, एक. परत पाठवला आहे'. बाराव्यापुढे नीट अक्षरात लिहिलं होतं: 'गुडघा. डावा.' आणि त्याखाली, राहवलं नसावं म्हणून, प्रश्नातल्या 'व' या शब्दाभोवती लाल गोल काढून समासात शेरा मारला होता.

'एका प्रश्नात दोन प्रश्न विचारले आहेत.'